दुसरं आडनाव

उज्जैनच्या राम घाटावर मी अकरा जोडी चपला-बुटांपाशी बसले होते. मॅडमच्या कोल्हापुरी, वर्गातल्या पोरापोरींचे स्पोर्ट शूज, आणि मेक्सिकोहून आलेल्या पाहुण्या बाईंचे मळके कॅनव्हासचे बूट. "तू इथेच बस, चपला जातात इथून," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग जवळ आल्या, आवाज खाली केला. "आमचे उपाध्ये जुन्या वळणाचे आहेत गं. नाव-गोत्र विचारतात. तुलाच ऑकवर्ड होईल."

तुलाच. म्हणजे काळजी माझीच होती.

मी बसले. खोटं कशाला बोलू, उठून निघून नाही गेले. चार पायऱ्या खाली उपाध्यांचा तखत होता, तिथे सगळे अनवाणी गोल करून बसले. मधोमध मॅडमच्या खानदानाची वही उघडली होती. लांबट, लाल कापडात बांधलेली. त्यांचे पूर्वज दरबारात फडणिशी करायला इकडे आले, तेव्हापासूनच्या पिढ्या तिच्यात. पाहुण्या बाईंना तेच दाखवायचं होतं. आणि दुभाषी म्हणून माझ्या जागेवर वर्गातली रुची बसली होती.

माझी जागा म्हणते कारण ती माझीच होती. दोन महिन्यांपूर्वी मॅडमनी वर्गात जाहीर केलं होतं, पाहुण्यांबरोबर तीन दिवस हीच राहील, समारोपाला स्टेजवरही हीच बोलेल. आईने तेव्हाच आपली मोरपंखी साडी ड्रायक्लीनला दिली. आमच्या घरात ड्रायक्लीनला गेलेली ती पहिली साडी.

तर हे कसं झालं, ते सांगते.

बाबा रेल्वेत गँगमन. भुसावळहून बदली होऊन उज्जैनला आले तेव्हा मी दोन वर्षांची. शाळा हिंदीत, घर मराठीत, आणि आमची मराठी अशी की पुण्याची आत्येबहीण आली की तोंडावर हात ठेवून हसते. बारावीनंतर इथल्या एका खाजगी विद्यापीठात स्पॅनिशला गेले तेव्हा बाबा म्हणाले, "पागल झालीस का? उज्जैनात कोण बोलतं ते?"

तेच तर. कोणीच बोलत नव्हतं. इंग्रजीत मी मागे, कारण बाकीच्यांच्या घरी आई-बाप इंग्रजी पेपर वाचतात. संस्कृतचं तर नावच नको. पण स्पॅनिश कोणाच्याच आजोबांना येत नव्हतं. सगळे शून्यापासून. इथे मी कोणाच्या मागे नव्हते. पहिल्या सेमिस्टरला वर्गात पहिली आले आणि टावर चौकात मैत्रिणींना माझ्या पैशाने कुल्फी खाऊ घातली.

पहिल्याच दिवशी मॅडमनी हजेरीत माझं नाव वाचून मान वर केली होती. "अरे वा, मराठी! कुठले जाधव तुम्ही?"

हा प्रश्न मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मी म्हटलं, "भुसावळकडचे." मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मराठे. आपल्यातलेच की." जाधव मराठ्यांतही असतात आणि आमच्यातही असतात. मी खोटं बोलले नाही. फक्त गप्प बसले, आणि ते गप्प बसणं वर्षभर पुरलं. मॅडमच्या घरी गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून पुरणपोळी खाल्ली. त्यांच्या सासूबाईंनी वरून तूप वाढलं. छान होती पोळी. प्रत्येक घासाला वाटत होतं, आता विचारतील, तेही सांगून टाकते.

दुसऱ्या वर्षी संस्कृतीचा पेपर आला. एक दिवस मॅडमनी पडद्यावर मेक्सिकोची जुनी चित्रं दाखवली. स्पेनच्या राजवटीतली. प्रत्येक चौकटीत एक बाप, एक आई, एक मूल, आणि कोपऱ्यात जातीचं नाव. बाप अमक्या रक्ताचा, आई तमक्या रक्ताची, म्हणून पोर ढमकं. सोळा चौकटी. मॅडम कळवळून म्हणाल्या, "बघा, माणसांना अशी लेबलं लावायची! किती क्रूर लोक असतील." सगळ्या वर्गाने माना डोलावल्या. मीपण डोलावली.

आणि त्याच तासाच्या शेवटी तो प्रकार झाला. स्पॅनिश लोकांत माणसाला दोन आडनावं असतात. पहिलं बापाचं, दुसरं आईचं माहेरचं. लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, आणि ते लेकराच्या नावात राहतं. मला हे इतकं आवडलं, इतकं आवडलं की काय सांगू! मॅडम म्हणाल्या, "चला, एकेकाने उभं राहून आपलं नाव स्पॅनिश पद्धतीने सांगा." शर्मा-दीक्षित झालं. जोशी-पंडित झालं. रुचीचं झालं. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि ताठ मानेने म्हटलं, "जाधव कांबळे."

मला तेव्हा जराही भान नव्हतं. देवाशपथ. स्पॅनिशमध्ये बोलताना मी उज्जैनातली नसतेच, असं मला वाटायचं. आईचं नाव मोठ्याने उच्चारायची संधी मिळाली, मी उच्चारलं. हिंदीवाल्या पोरांना काही कळलं नाही. मॅडमना कळलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला, पुन्हा उचलला. "अच्छा," म्हणाल्या. "बस. नेक्स्ट."

एवढंच. कोणी शिवी दिली नाही. त्या दिवाळीला फराळाचं बोलावणं आलं नाही. वर्गात हात वर केला की मॅडमची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर जायची. पाहुण्या यायच्या आठ दिवस आधी म्हणाल्या, "दुभाषी रुची राहील. तुझा मराठी अ‍ॅक्सेंट जरा जाणवतो." मॅडमचा स्वतःचा अ‍ॅक्सेंट इतक्या पिढ्या इकडे काढूनही सदाशिव पेठेचा आहे. पण ते बोलायचं कोणी?

घरी सांगितलं. आई भाकऱ्या थापत होती. हात थांबले तिचे.

"माझं नाव कशाला सांगितलंस? एका नावाने निभत होतं ना."

"वर्षभर निभलं, आई."

"मग अजून दोन वर्षं निभलं असतं. तुझं काय गेलं असतं?" ती रागावली नव्हती. घाबरली होती. माझ्या आईला स्वतःच्या नावाची भीती वाटत होती. त्या नावाचा तिच्याकडे एकच कागद आहे, सातवी पासचा दाखला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवलेला. नंतर लग्न झालं आणि ते नाव संपलं. मला रडू आलं, पण मी रडले नाही, भाकरी उलटली.

तर, घाट. मी चपलांपाशी. खाली मॅडम वहीवर बोट फिरवत पणजोबा, खापरपणजोबा वाचत होत्या. रुची अडखळत सांगत होती. पाहुण्या बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी काहीतरी विचारलं. सरळ साधं वाक्य होतं. मला पहिल्या फटक्यात कळलं. रुचीला कळलं नाही. बिचारी घाबरली आणि म्हणाली, "म्हणतायत की खूप सुंदर आहे."

मॅडम खूश झाल्या. उपाध्ये खूश झाले. पाहुण्या बाई उत्तराची वाट बघत तशाच वाकून राहिल्या.

मी उठले. का उठले ते अजून नीट सांगता येत नाही. बसून बसून कंटाळा आला होता म्हणा. तासभर नाही, वीस वर्षं बसून. मी वरूनच मोठ्याने म्हटलं, "त्या विचारतायत, या वहीत आयांची नावं कुठे आहेत?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. उपाध्ये चष्म्यातून माझ्याकडे बघत म्हणाले, "माताओं का नाम इसमें नहीं चढ़ता बेटा. पिता-पितामह का चढ़ता है."

मी ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. तिथूनच, चपलांमधून. मग बाईंनी मला विचारलं, तुझं नाव काय. मॅडम घाईने माझं पहिलं नाव सांगून मोकळ्या झाल्या. मी म्हटलं, "थांबा मॅडम, त्यांनी मला विचारलंय." आणि पूर्ण सांगितलं. जाधव कांबळे. दोन्ही.

बाई हसल्या. भेटून आनंद झाला म्हणाल्या, वहीचा फोटो काढला. संपलं. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं आणि मी समजावलंही नाही. किती जणांना समजावत बसायचं? थकायला होतं. सगळे वर आले, आपापले बूट घालून दर्शनाला निघून गेले. समारोपाला स्टेजवर रुचीच बोलली. आईची साडी ड्रायक्लीनच्या कागदातच राहिली.

दुसऱ्या दिवशी या तीन दिवसांच्या कार्यक्रमाच्या प्रमाणपत्राचे अर्ज भरायचे होते. ते बाईंच्या विद्यापीठाकडून मिळणार, म्हणून अर्जात आडनावाचे दोन रकाने. मी भरून दिला. दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. अर्ज टेबलावर होता. दुसऱ्या रकान्यावर व्हाइटनर लावलेला. अजून ओला होता, वास येत होता. बाजूला बाकीच्यांच्या अर्जांचा गठ्ठा. सगळ्यात वरच्या अर्जावर दुसऱ्या रकान्यातलं पंडित स्वच्छ दिसत होतं.

"हा रकाना मोकळा सोडला तरी चालतो," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या भल्यासाठी सांगते. उद्या नोकरीला लागशील, कशाला उगीच कपाळावर लिहून फिरायचं?"

व्हाइटनर वाळेपर्यंत मी थांबले. दोन-तीन मिनिटं असतील. मग त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि पांढऱ्यावर लिहिलं. बॉलपेन नीट उठेना, म्हणून दोनदा गिरवलं.

"हट्टीपणा नको करूस. तोंडी परीक्षा माझ्याकडे आहे, लक्षात ठेव."

"घ्या ना मॅडम," मी म्हटलं. "पहिला प्रश्न नावाचाच असतो. सांगेन."

त्यांनी घेतली. विचारलं. मी सांगितलं. वर्गात सगळ्यात कमी मार्क मला पडले, पास होण्यापुरते. प्रमाणपत्र मात्र आलं, दोन्ही नावांचं. आईला दाखवलं. तिने हातसुद्धा लावला नाही, "ट्रंकेत ठेव" म्हणाली. मी ठेवलं नाही. बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलंय. आलेला-गेलेला वाचतो. आई अजून तिकडे पाठ करून बसते.

मी दमलेय, हे खरं आहे. अजून एक वर्ष याच मॅडमच्या वर्गात काढायचंय. पण आता कोणी विचारलं, "कुठले जाधव तुम्ही?" तर मी भुसावळ सांगत नाही. आई कांबळे, असं सांगते. आणि समोरच्याचं तोंड उतरेपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहते.