मळलेलं पुस्तक दाखव

सिस्टर पाड्यावरच्या कुठल्याही घरात शिरल्या की बाळाला नाही, आधी पुस्तकाला हात घालायच्या. झोळीत पोर हसत असो, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी असो, यांचं आपलं एकच, "पुस्तक कुठंय? दाखव." मग ते डोळ्यांशी धरून उलटसुलट बघणार. कोपरे चघळलेले असले, पानांवर नागलीच्या पेजेचे डाग असले, एखादं पान अर्धं गायब असलं, की चेहरा खुलायचा. आणि पुस्तक कोरं करकरीत निघालं की त्या एकदम गप्प व्हायच्या. त्यांच्या त्या गप्प होण्याची मला धास्ती होती.

नाशिकच्या एका इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांचा सारा जन्म गेला होता. निवृत्त होऊन आमच्या इमारतीत राहायला आल्या, तरी दूधवाल्यापासून सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. आमचे हे सकाळी ओझरच्या कारखान्याच्या बसने जायचे आणि मला दिवस खायला उठायचा. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "सुलू, दुपारी काय करतेस?" मी म्हटलं, "झोपते." "मग ये माझ्याकडे. खळ ढवळायला हात हवाय." झालं, माझी दुपारची झोप तेव्हा गेली ती गेलीच.

आम्ही चारपाच जणी घरोघरची जुनी कॅलेंडरं गोळा करायचो. त्यातली गाय, कोंबडी, चंद्र, कणीस अशी चित्रं कापून जाड पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायची आणि दाभणाने शिवायची. पहिल्या पानावर बाळाचं नाव. बाकी अक्षर एक नाही. मी विचारलं, हे कसलं पुस्तक? तर म्हणाल्या, "पाड्यावरच्या आईला वाचता येत नाही. अक्षर दिसलं की ती गप्प बसेल. चित्र दिसलं तर बोलेल. पोराच्या कानावर बोलणं पडू दे, अक्षराचं पुढं बघू." महिन्यातून एकदा ती पुस्तकं घेऊन आम्ही सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवर निघायचो. शेवटचा टप्पा जीपचा, आणि जीपमध्ये माणसं अशी कोंबलेली की गुडघे कुणाचे आणि पिशवी कुणाची ते कळू नये.

कोऱ्या पुस्तकाचं मला त्यांनी एकदाच सांगितलं, तेही कणीस कापता कापता. "भुकेलं पोर रडतं. फार दिवस भुकेलं राहिलं की रडायचंही सोडतं. हात पुढं करत नाही, काही ओढत नाही, फाडत नाही. आईला वाटतं, किती शहाणं आहे माझं बाळ! आई फसते, मीसुद्धा फसेन. पुस्तक नाही फसवत." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तरी जे करू नये ते मी केलंच.

आता माझ्यावर संस्कार कसले, तर पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायचा. आठ आठ दिवस खपून शिवलेली पुस्तकं पोरं लाळेत बुडवतात, हे मला मेलीला बघवायचं नाही. एका पाड्यावर काशी नावाची कोवळी पोरगी होती, तिचा पहिलाच मुलगा, किसन. सात-आठ महिन्यांचा असेल. सिस्टर पुढच्या घराकडे गेल्या आणि मी हळूच काशीला म्हटलं, "जपून ठेव हं. पुस्तक म्हणजे सरस्वती." तिने मान डोलावली. मला वाटलं, चला, एक तरी पुस्तक टिकेल.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा काशीने देवाच्या फळीवरून फडक्यात बांधलेलं पुस्तक काढलं. वर कुंकवाचं बोट. आत एक डाग नाही. सिस्टर गप्प झाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काशी, किसन याला हात लावत नाही?"

"तसं नाय बाय," काशी कौतुकाने म्हणाली, "या ताईंनी सांगितलं, सरसती हाय, जपा. मंग म्या वर ठेवलं. हातच नाय लावू दिला."

सिस्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. पण त्यांचा अडकलेला श्वास सुटलेला मी बघितला. कारण सापडलं होतं ना! किसन झोळीत भिंतीकडे तोंड करून झोपला होता. जीपवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता, ती चुकली असती तर मुक्काम पडला असता. "झोपू दे त्याला," असं म्हणून सिस्टर निघाल्या आणि घाट उतरेपर्यंत त्यांनी माझी बिनपाण्याने केली. एवढ्या हॉर्नने पोर जागं कसं झालं नाही, हे आमच्या दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

त्याच्या पुढच्या खेपेला जीप थांबायच्या आधीच काशी रस्त्यावर उभी दिसली. हातात तेच फडकं. कडेवर कुणी नाही. सिस्टर उतरल्या, पण त्यांनी "दाखव" म्हटलं नाही.

"बाय, हे घ्या," काशी म्हणाली. "चांगलं हाय. दुसऱ्या पोराला व्हईल."

तिने मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. ती तर माझा शब्द पाळल्याचं मला दाखवत होती.

परतताना मी रडत होते. खिडकीबाहेर बघत सिस्टर म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला जे शिकवलं ते तू बोललीस. मला माझ्या वॉर्डानं काय शिकवलं होतं? मी पोराला उठवून बघायला हवं होतं." एवढंच. ते पुस्तक त्यांनी कुणालाच दिलं नाही. किसनचं नाव असलेलं ते कपाटात साड्यांखाली राहिलं.

तेव्हापासून त्या प्रत्येक झोपलेलं पोर उठवायच्या. आया चिडायच्या, सासवा पुटपुटायच्या, पोरं भोकाड पसरायची. सिस्टर म्हणायच्या, "रडू दे! रडतंय ते बरं." मीही दारोदार सांगत फिरले की चावू दे, फाडू दे, चुलीपाशी लोळू दे. पुढे काशीला मुलगी झाली. तिच्या पुस्तकातलं गाईचं पान सबंध नाहीसं झालेलं पाहून सिस्टर केवढ्याने हसल्या, "गाय खाल्लीन गं हिनं!" काशीही हसली. मी मात्र पुस्तक तीनदा उलटून बघितलं. ती भीती मला चिकटली ती कायमची.

पंधराएक वर्षं अशी गेली. सिस्टरांचे गुडघे गेले, जीप बंद झाली. मी त्यांच्याकडे सकाळी डबा घेऊन जायचे. त्यांचं वर्तमानपत्र आठ वाजेपर्यंत भेळेच्या कागदासारखं झालेलं असायचं. चहाचे डाग, शब्दकोड्यावर खाडाखोड, चारी पानं चार दिशांना. एकदा गेले तर पेपर स्टुलावर जसाच्या तसा, घडीसुद्धा मोडलेली नाही. "नंतर वाचीन गं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तिथे दोन पेपर होते. दोन्ही कोरे.

मी दारातच थबकले. त्यांनी उशीवरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कोरं आहे ना?"

"छे हो, काहीतरीच!" असं म्हणत मी पेपर उघडला, चुरगळला, कोपरा फाडला, वर चहाची कपबशी ठेवली. "हे बघा. चांगला मळलाय."

त्या हसल्या. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे मिटले. मी झोपू दिलं नाही. खांदा धरून हलवलं, जोरात हाका मारल्या, "सिस्टर, उठा! उठा आधी!"

त्या दिवशी त्या उठल्या.