चुडामणचे कावळे

पिंड ठेवून तासभर झाला, तरी एक कावळा खाली उतरेना. पांझरेच्या काठी, देवपूरच्या बाजूला, शेवंताबाईच्या दहाव्याला जमलेली माणसं उन्हानं घामाघूम झाली होती. समोरच्या निंबावर वीसेक कावळे बसले होते आणि सगळे एकाच माणसाकडं बघत होते. तिच्या नवऱ्याकडं, चुडामणकडं.

चुडामण तेलगिरणीत पाखरं हाकायचा. पटांगणात शेंगा वाळत घातल्या की पारवे, साळुंक्या, कावळे नुसते तुटून पडायचे. मग डबा बडव, गोफण फिरव, तुटक्या कॅसेटची पट्टी ताणून बांध, वाऱ्यावर ती घूं घूं करते. पारवे भ्यायचे, साळुंक्या भ्यायच्या. पण कावळा तो कावळा, तो कुठला भितो! दोन दिवसांत पट्टीखालून शिरून शेंगा फोडायला लागला. मुकादम रोज टोचून बोलायचा. शेवटी एक्क्याण्णवच्या दिवाळीत चुडामणनं गोफणीनं एक कावळा पाडला आणि पाय बांधून काठीला उलटा टांगला. पटांगण मोकळं झालं. मुकादमानं पाठ थोपटली.

पण कावळ्यांनी माणूस ओळखून ठेवला. चुडामण सायकलीवर बसला की डोक्यावर कोकलत थेट घरापर्यंत सोडायला यायचे. त्यानं टोपी बदलली, एकदा तर बायकोचं लुगडं पांघरून निघाला. छे! सोयरे आले म्हणत शेवंताबाई दारात उभी राहून हसायची, "उनात तुमना सोयरा!" अशी तीन वर्षं गेली. आणि मग ती तापानं चार दिवसांत गेली.

तिचा थोरला भाऊ झुलालआबा पिंडापुढं हात जोडून उभा राहिला. "शेवंता, तुनं काय ऱ्हायनं व? तुन्ही पोर प्रमिलानं लगीन आम्ही करसूत." निंबावर हालचाल नाही. कुणी म्हणालं, तिला माहेरी धाडत नव्हते. कुणी म्हणालं, तिच्या पाटल्या मोडल्या होत्या. जिभेला काय हाड असतं का! झुलालआबा चुडामणवर खेकसला, "मन्ही बहीनले काय दुख दिधं रे तू?"

चुडामणनं निंबाकडं बोट केलं. "आबा, तिनं काहीच ऱ्हायनं नही. त्या कावळा माले भितस." दोघे-तिघे तोंड फिरवून हसले. कावळे माणसाचा डूख धरतात, हे कोण ऐकून घेणार?

त्यानं निंबाकडं बघून हात जोडले, गोफण कायमची सोडली म्हणून सांगितलं, नाक घासलं. काही नाही. मग तो म्हणाला, "मी जास. मी गयू म्हणजे येतीन." ओल्या धोतरानं, अनवाणी, मागं न बघता तो पुलाकडं चालू लागला.

शंभर पावलं गेला असेल, तोच मागं पंखांची फडफड झाली. उतरले! सुटली बिचारी! त्याचे डोळे भरून आले.

मग सावल्या त्याच्या अंगावरून सरकल्या आणि डोक्यावर कावकाव सुरू झाली. वीसच्या वीस त्याच्या मागं आले होते. पिंडाजवळ एकही राहिला नव्हता. तो धावला, तेही धावले. शेवटी वाळूत गुडघे टेकून तो ओरडला, "माले खावा रे! पन तठे एकदा चोच लावा!"

काठावर भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तोच पिंडाला शिवला आणि माणसं घाईनं आंघोळीला उतरली. चुडामणनं बायकोला अतृप्त धाडलं, असं देवपुरात अजून म्हणतात, त्याच्या तोंडावर म्हणतात. तो ऐकून घेतो.