दुकानावरचं आडनाव

चहाचा कप आधी खाली ठेवा. हातात कप असताना हा किस्सा ऐकू नका, माझ्या साडूनं ऐकला आणि त्याच्या नव्या शर्टाचं वाटोळं झालं. चुका सगळ्यांच्याच होतात हो! पण मेलेल्या माणसाच्या बाबतीत घोटाळा करायचा, आणि तोही परक्या मेलेल्या माणसाच्या? हा मान आख्ख्या सोलापुरात फक्त माझा.

त्याचं असं झालं. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून मी कडक भाकरी आणि शेंगा चटणीचं दुकान काढायचं ठरवलं. मी म्हणजे आम्ही. भाकरी थापणार माझी बायको सुनंदा. चटणी कुटणार सासूबाई, त्यांना मी मामी म्हणतो. जागा मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, गरडांची, रस्त्याकडची पुढची खोली. मग माझं काय? माझं आडनाव! 'माने भाकरी केंद्र', ठळक अक्षरांत. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कंपनीचं नाव शर्टाच्या खिशावर मिरवलं होतं. एकदा आपलं नाव आपल्या दारावर बघावंसं वाटलं, यात माझं चुकलं काय?

सुनंदाला ते मान्य नव्हतं.

"जागा गरडांची, हात गरडांच्या पोरीचा, चटणी गरडांच्या सुनेची. नाव मान्यांचं कसं?"

"अगं, तू आता मानेच की!"

"ते भाकरीला विचारा."

मी गुपचूप 'माने'चा बोर्ड रंगवून आणला आणि पलंगाखाली सरकवून ठेवला.

मामांनी या भांडणात कधी तोंड घातलं नाही. फक्त आजारपणात एकदा मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "जावई, बोर्डावर नाव कुनाचं घालायलाय?"

"बघू की मामा, आधी बरे व्हा," असं म्हणून मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तोवर त्यांचा डोळा लागला होता. चार दिवसांनी मामा गेले. प्रश्न तसाच राहिला.

दहाव्याला आम्ही सीनेच्या काठावर गेलो. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, आणि धुकं असं की पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसावी. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. बाभळीवर कावळे होते, पण एकही ओरडत नव्हता. तुम्ही कधी गप्प बसलेले कावळे बघितलेत? नका बघू.

भटजींनी पिंड मांडायला घेतले. गेलेल्या माणसाच्या आवडीचं पिंडाजवळ ठेवायची आपल्यात पद्धत आहे. मामी म्हणाल्या, "अगं बाई, भाकरी-चटनीची पिशवी गाडीतच ऱ्हायली की!" मी पळालो. पिशवी घेऊन परत आलो तर धुकं दुप्पट झालेलं आणि चष्म्यावर वाफ. वाट कुठली, घाट कुठला, काही कळेना. अंदाजानं चालत राहिलो.

समोर पांढऱ्या टोप्या दिसल्या. पंधरा-वीस माणसं पाठमोरी बसलेली, खांद्यावर टॉवेल. सगळ्यांत पुढं मुंडण केलेला एकजण. म्हटलं, हा आपला बाळू. बाळू म्हणजे माझा मेहुणा. त्याच्यापुढं पिंड, आणि पिंडाशेजारी कडक भाकरी अन् शेंगा चटणी! कुणीतरी दुसरी पिशवी आणली असेल, असं समजून मी मागं जाऊन उभा राहिलो. अहो, सोलापुरात माणूस गेला तर त्याच्या पिंडापाशी दुसरं ठेवणार तरी काय? पण हे तेव्हा सुचायला डोकं लागतं.

कावळा काही शिवेना. पिंडाला कावळा शिवला की जीव सुटला. नाही शिवला तर काहीतरी इच्छा मागं राहिलीय. मग एकेकानं हात जोडून शब्द द्यायचा.

"आईला कायबी कमी पडू देत न्हाय," पुढचा म्हणाला. आवाज घोगरा. रडून बसला असेल बिचाऱ्याचा, मी मनात म्हटलं.

कावळा हलला नाही.

"अक्कलकोट रोडचं शेत निम्मं निम्मं करतो. भांडत न्हाय."

मी कान टवकारले. शेत? मामांचं शेत? इतकी वर्षं जावई आहे आणि मला पत्ता नाही! बघा, शेवटी रक्ताचे ते रक्ताचे. अशा वेळीही माझ्या मनात हेच आलं, काय सांगू!

तेवढ्यात एक कावळा बाभळीवरून उतरून दगडावर बसला. पिंडाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मान वाकडी करून एकेका माणसावरून नजर फिरवत आला आणि माझ्यावर थांबला. शपथ! मी एक पाऊल डावीकडं सरकलो, त्यानं मान डावीकडं केली. उजवीकडं सरकलो, उजवीकडं. आणि कानाशी मामांचा आवाज ऐकू आला, "बोर्डावर नाव कुनाचं?"

"आता दर्भाचा कावळा करून घेऊ," भटजी म्हणाले. म्हणजे मामांचा जीव अडकणार, तो माझ्यामुळं! मला राहवलं नाही. माणसं ढकलत पुढं घुसलो, हात जोडले आणि ओरडलो, "मामा, चुकलो! दुकानाला माझं आडनाव लावत नाही. तुमचंच लावतो. शब्द देतो!"

त्याच क्षणी कावळ्यानं झेप घेतली. भाताच्या गोळ्यात चोच मारली, एकदा, दोनदा. मग बाभळीवरचे सगळेच खाली आले आणि सगळे एकदम ओरडले.

मी डोळे पुसले, चष्मा पुसला, मागं वळलो. वीस माणसं माझ्याकडं टक लावून बघत होती. त्यातला एकही चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता.

"तू कोन रं बाबा?" एका म्हातारीनं विचारलं.

माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "जावई."

"कुनाचा?"

मी पिंडाकडं बोट दाखवलं. दाखवायची काय गरज होती? पण दाखवलं!

म्हातारी मटकन खाली बसली. "मला तर दोन पोरंच. पोरगी न्हायच!" मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजी... दर गुरवारी अक्कलकोटला जायाचे, ते..."

"आई, अण्णा स्वामींच्या दर्शनाला जायाचे गं!" थोरला मुलगा म्हणाला.

"एकबी गुरवार न चुकता? पावसापान्यात?"

आता थोरल्याच्या मनातही शंका शिरली. त्यानं माझी कॉलर धरली. एवढ्यात धुक्यातून खऱ्या बाळूची हाक आली, "दाजी! ओ दाजी! कुटं हाय तुमी? कावळा शिवून अर्धा तास झाला की!"

"शिवला?" मी कॉलरीतूनच विचारलं. "काय शब्द दिलात?"

"शब्द कशाला? मांडायच्या आदीच आला!"

बाळूनं येऊन माझी ओळख पटवली. कॉलर सुटली, म्हातारीच्या नवऱ्याची अब्रूही सुटली. मी दहादा माफी मागितली आणि निघालो. पण थोरला वाट अडवून उभा.

"पावनं, आमी समद्यांनी शब्द दिले, कावळा हलला न्हाय. तुमी दुकानाचं नाव काडलं अन् शिवला." त्यानं आवाज उतरवला. "अण्णा गिरनीत हुते. गिरनी बंद पडल्यापास्नं दुकान काडायचं म्हनायचे. निस्तं आडनाव रंगवून बोर्डबी करून ठेवलाय. ही गोष्ट घराभाईर कुनाला ठाव न्हाय. तुमाला कुनी सांगितली?"

मला कोण सांगणार! मी घाबरून त्यांना आमचा पत्ता देऊन टाकला.

घरी आल्यावर मामींना विचारलं, "मामांची इच्छा काहीच राहिली नव्हती?"

"व्हती की. दुकानाला तुमचंच नाव लागावं म्हनायचे. पलंगाखालचा बोर्ड बगितला हुता त्यांनी. म्हनले, झ्याक रंगवलाय, जावई उगं लाजतोय."

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. वर त्या परक्या माणसाला दिलेला शब्दही सोयीस्कर विसरलो. मामांचीच परवानगी म्हटल्यावर काय! सुनंदाही वडिलांच्या इच्छेपुढं गप्प बसली. तेराव्यानंतर 'माने भाकरी केंद्र' दिमाखात दारावर लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर समोरच्या तारेवर एक कावळा. ओरडत नव्हता. मान वाकडी करून बोर्डाकडं बघत होता. भाकरीचा तुकडा टाकला, शिवला नाही. चटणी लावून टाकला, तरी नाही. मी बोर्डावर पोतं टाकलं, तर माझ्याकडं बघायला लागला.

आणि त्या दिवसापासून भाकऱ्या बिघडल्या. तव्यावरून उतरताना झकास, गार झाल्या की मऊ! कडक भाकरीच्या दुकानात मऊ भाकरी! सुनंदाचा हात कधी चुकत नाही. पीठ बदललं, तवा बदलला. तिसऱ्या दिवशी ती भाकरी हातात वाकवत नुसती उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मला भ्या वाटतंय."

चौथ्या सकाळी दारात रिक्षा थांबली. ती म्हातारी, दोन्ही मुलं, आणि त्यांच्या मांडीवर आडवा धरलेला पत्र्याचा निळा बोर्ड. कोपऱ्याला गंज चढलेला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'चोपडे' एवढंच, पुढची जागा मोकळी.

"धंदा कुटला करायचा ते शेवटपत्तोर ठरलंच न्हाय त्यांचं," म्हातारी म्हणाली. तिनं पदरानं बोर्ड पुसला. जन्मभर आडनाव रंगवून वाट बघत बसलेला माणूस! मी निदान चार दिवस तरी माझं लावून घेतलं होतं.

सुनंदानं बोर्डाकडं बघितलं, तारेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "उतरवा तुमचा."

"अगं, पण गरड नाही, माने नाही..."

"शब्द तुमी दिलाय न्हवं?"

पेंटर बोलावला. मोकळ्या जागेत 'भाकरी केंद्र' बरोब्बर बसलं, एक बोटसुद्धा इकडं तिकडं नाही. बोर्ड वर चढला, म्हातारीनं नारळ फोडला, कावळा खाली उतरला, भाकरीचा तुकडा उचलला आणि गेला. त्या दिवशीची भाकरी मोडताना काडकन आवाज आला.

आता दुकान जोरात चालतं. म्हातारी मला जावईबापू म्हणते आणि चटणीत मीठ कमी आहे म्हणून हक्कानं ओरडते. गिऱ्हाईक मला चोपडेशेठ म्हणतं, मी ओ देतो. त्याचंही मला काही वाटत नाही, खरंच.

पण परवा दुकानातला फोन वाजला. सुनंदानं पिठाच्या हातानं उचलला आणि गोड आवाजात म्हणाली, "हां, मी मिसेस चोपडे बोलतेय."

लग्नाला अठरा वर्षं झाली हो! या बाईनं फोनवर एकदा तरी 'मिसेस माने' म्हटलं असेल, तर शपथ!