आधी मेथीले इचारा

सिस्टर कोणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे बघत नसत, कुंड्यांकडे बघत. कुंडीतली माती चिमटीत घ्यायच्या, नाकाशी न्यायच्या आणि तोंड वाकडं करून म्हणायच्या, "कच्चं हाय." चहापाणी, ख्यालीखुशाली सगळं त्यानंतर.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी मोठ्या हौसेनं मनी प्लांटची फांदी निव्वळ शेणखतात खोचली होती. बाईंनी विचारलं नाही, पुसलं नाही, ती सरळ उपटली आणि तिचं काळं पडलेलं टोक माझ्यासमोर धरलं. "पाहा वयनी, सडवली ना तुमी? फांदीले अजून तोंड नाही फुटलं अन् तुमी तिले पंगत वाढून राह्यल्या." मला असा राग आला म्हणून सांगू! पण खरंच होतं. मुळं म्हणजे तिचं तोंड, ते फुटेपर्यंत तिला जेवण कशाला?

जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन नांदुऱ्याला, आमच्या रेल्वे रुळामागच्या कॉलनीत घर बांधून राहिल्या. दारात बुद्धाची तसबीर, मागे खताचा खड्डा. त्यात पालापाचोळा, शेण, भाजीची सालं वर्षभर कुजायची. मग ते खत गव्हाच्या चाळणीनं चाळायचं. एक वाटा खत, एक वाटा पूर्णा नदीची वाळू, अर्धा वाटा नारळाच्या शेंडीचा भुसा. पण त्याआधी परीक्षा. वाटीभर खतात चिमूटभर मेथी टाकून वाटी खिडकीत ठेवायच्या. मेथी हिरवी, सरळ वर आली तर खत पिकलं. पिवळी पडली किंवा उगवलीच नाही, तर खड्डा पुन्हा झाकायचा. कोणी घाई केली की म्हणायच्या, "मले कायले इचारता? आधी मेथीले इचारा."

त्या मिश्रणात रुजवलेल्या फांद्या त्यांनी घरोघर फुकट वाटल्या. आमच्या कॉलनीत अशी खिडकी नव्हती जिथे सिस्टरच्या हातचं झाड नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण माझा राग इथूनच सुरू होतो.

माझ्या लेकीची वास्तुशांत होती. तिला दहा कुंड्या न्याव्यात असं माझ्या मनात आलं. सिस्टरचं खत पिकायला दोन महिने होते. मला कुठला धीर! मी झाकणाच्या प्लास्टिक बादलीत सालं, ताक, शिळं अन्न कोंबलं आणि पंधरा दिवसांत उघडलं. मेथीला विचारलं नाही, तसंच कुंड्यांत भरलं. फांद्या तर सडल्याच, पण जो वास सुटला तो चार दिवस हलला नाही. मी गुपचूप सगळं सिस्टरच्या आणि माझ्या मधल्या भिंतीशी पुरलं. उथळच पुरलं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. वास कुठून येऊन राह्यला, याची. एकजण म्हणाला, "कुठून म्हंजे? तिकडूनच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिकडून म्हणजे कुठून, हे कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कळत होतं. दारातली तसबीर बघूनच त्यांच्या नाकांनी निकाल लावला होता. सिस्टर एवढंच म्हणाल्या, की माझा खड्डा हुंगून पाहा, पिकलेल्या खताला वास नसतो. हुंगायला एकही उठला नाही. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नाकाला काय कळलं नसेल? आणि मी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी पारावरच्यांनी ट्रॅक्टरभर मुरूम आणून सिस्टरचा खड्डा बुजवला. वर्षभराचं खत खाली, मुरूम वर. बुजवणाऱ्यांच्या घरात सिस्टरचीच झाडं डोलत होती. मेल्यांना लाज वाटली नाही. मला तरी कुठे वाटली!

आठ दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले. दार लावून घेतलं, रडले, माझ्या बादलीचा वास होता म्हणून सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "कच्ची हाय वयनी तुमची माफी. दार लावून मांगितली ना? पारावर सांगा. मंग पाहू, उगवते का."

उद्या सांगते, परवा सांगते करत मी महिना काढला. तेवढ्यात त्या घर विकून मुलीकडे अकोल्याला गेल्या. जाताना चाळणी माझ्या भिंतीवर ठेवून गेल्या, निरोप न घेता. दोन वर्षांनी त्या वारल्याची बातमी आली.

तेव्हा पारावर पुन्हा सगळे जमले. किती प्रेमळ, किती झाडं दिली, असं एकेक सुरू झालं. 'तिकडूनच' म्हणणाराही हळहळत होता. मी उठले आणि सांगितलं, वास माझ्या घरचा होता, आणि तुम्ही हुंगायलासुद्धा उठला नाहीत. कोणी खाली बघितलं, कोणी मोबाईल काढला. तोच गृहस्थ म्हणाला, "जाऊ द्या ना काकू. गैरसमज झाला असंन."

गैरसमज म्हणे.

आता खत मी करते. त्याच चाळणीनं चाळते, मेथीला विचारते. फांदी मागायला बाया येतात. मी देते, पण आधी विचारते, तो वास कोणाच्या घरचा होता? ज्या माझ्या तोंडावर "तुमच्या" म्हणतात, त्यांनाच दोन फांद्या. अशा आतापर्यंत तिघीच निघाल्या.

परवा त्याच गृहस्थाची सून आली. खिडकीतल्या वाटीत मेथी हिरवीगार वर आली होती, कात्री माझ्या हातात होती. मी विचारलं. ती हसली, म्हणाली, "मले काय माहीत काकू, तिकडूनच येत होता म्हणतात ना."

"कच्चं हाय," मी म्हटलं, आणि कात्री परत खिळ्याला अडकवली.