नवसाचा नारळ मशिदीत

सासरे पिंपरी पेंढारहून टोमॅटोची गाडी घेऊन समुद्राकाठच्या शहरात जायचे. एकदा तिथल्या बाजारात तापाने पडले, तेव्हा शेजारच्या मशिदीतल्या लोकांनी त्यांना उचलून नेलं, बरे होईपर्यंत जेवू घातलं. इकडे निरोप कळताच सासूबाईंनी नवस बोलला: माणूस घरी येऊ दे, त्या दारात नारळ ठेवीन. माणूस आला, पुढे कैक वर्षं जगला. नवस तेवढा राहिला. सासरे गेल्यावर मात्र सासूबाईंनी धोसराच लावला, "पाय चालत्यात तवर ने गं मला."

न्यायचं माझ्याकडे आलं, म्हणजे आधी फोन. मशिदीला आता सांस्कृतिक केंद्र जोडलंय, बायकांनाही आतून दाखवतात, एवढी खात्री केली. गोळ्या, पाणी, चादर पिशवीत भरली. नारळाचं विचारायचा मात्र धीर झाला नाही. तो त्यांनी वाटभर मांडीवरच धरला होता.

केंद्रातल्या बाई आम्हाला मशिदीत घेऊन गेल्या. मधे एकही खांब नाही. वर घुमट, उंच जाळ्यांतून समुद्राकडचा उजेड गालिच्यावर उतरलेला. गावच्या गाव मावेल एवढी जागा आणि तिच्यात काहीच ठेवलेलं नाही. ओझरला दर्शनाच्या रांगेतही मी पुढच्या कामाची जुळवाजुळव करते. इथे पुढचं काही आठवेना.

सासूबाई कुजबुजल्या, "अगं, ठेवू कुणाम्होरं? हितं तर कुणीच न्हाई. माघारी न्यावा लागला तर नवस बुडाला माझा."

मी बाईंना सगळं सांगितलं.

"आजी, इथे काही वाहत नाहीत," त्या म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा पडला. "पण तुमचे मालक जिथलं जेवले, ते स्वयंपाकघर अजून चालू आहे. चला."

आचाऱ्याने नारळ दोन्ही हातांनी घेतला, फोडला आणि खवून रटरटत्या आमटीत टाकला. बाहेर गाड्यांवरची माणसं जेवायला बसत होती. सासूबाईंनी पदर खोचला.

"आजी, तुम्ही पाहुण्या. बसा की," बाई म्हणाल्या.

"पावणी कसली? माझं माणूस जगवलं तुमी. द्या ती पळी."

पहिल्याच ड्रायव्हरने पुरे म्हणून ताटावर हात आडवा धरला.

"हात काढ, राव," सासूबाई म्हणाल्या. "घरी कुणीतरी वाट बघत आसंल तुझी."

त्याने हात काढला.