शुक्रवारच्या गाण्यात लूमचा आवाज

भूतबाधा, करणी, अंगात येणं – यातलं मी कधीच काही मानलं नाही. आमच्या घरातही कुणी मानलं नाही. सासू म्हणायची, भूत आलंच तर कांड्या भरायला बसवा, तेवढाच फुकटचा कामगार. आणि मला भुताची भीती कशाला वाटावी? माझं लग्न झालेलं होतं.

तरी हे लिहितेय, कारण माझ्या नातीचा जीव त्यात होता आणि ते कसं घडलं हे मला आजही सांगता येत नाही.

आधी थोडं जुनं सांगते. भिवंडीत आमच्या चाळीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड होती. तिथे मी कांड्या भरायचे. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. आणि धोटा म्हणजे टोकांना लोखंड असलेला होडीसारखा लाकडी ठोकळा. सूत घेऊन तो कापडातून इकडून तिकडे धावतो. कधी उसळून बाहेर पडला, तर समोरच्याचा डोळासुद्धा जातो.

या धोट्याचा माझ्यावर फार जीव. गालावर लागायचा, पाठीवर लागायचा... एकदा तर मी घरात भाकऱ्या थापत होते तेव्हा लागला. कुणी विचारलं, की मी पदर पुढे ओढून सांगायचे, "धोटा लागला हो." शेडमध्ये एवढ्या बायका, पण धोट्याला मीच दिसायचे. आणि तेव्हाच्या त्या बावळट पोरीला, म्हणजे मला, वाटायचं, लोकांना पटतंय. आज ती समोर आली तर आधी तिला चहा पाजीन, मग कान पिळीन.

आमच्या ह्यांचा आवाज मात्र असा, की गायला लागले की विहारासमोरचा रस्ता बंद व्हायचा. जयंतीला त्यांच्या गायन पार्टीला लांबून बोलावणी यायची. सगळी गाणी घरातच टेपवर घेतलेली, आणि सगळी शुक्रवारची. शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात, तेवढीच शांतता. इतर दिवशी लूमच्या आवाजात गाणं सोडा, किंकाळीसुद्धा भिंतीपलीकडे जायची नाही. ह्यांना त्याचाही उपयोग होता.

हे गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कॅसेटी माझ्या नातीने, मयूरीने, लग्नाआधीच कॉम्प्युटरवर चढवून ठेवल्या होत्या. त्यांच्या आठवणीच्या, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तीच गाणी लावायची असं ठरलं. मग माझ्या मुलाने, मयूरीच्या बापाने, नितीनने, कॉम्प्युटरची साफसफाई काढली आणि गाण्यांचा फोल्डर उचलून दुसऱ्याच ड्राइव्हवर टाकला. मी बघते तर गाणी वाजवायच्या प्रोग्रामच्या यादीत गाण्यांची नावं सगळी जागच्या जागी, पण प्रत्येक नावापुढे उद्गारचिन्ह. दाबलं की पाटी यायची – मूळ फाइल सापडत नाही, शोधायची का?

मयूरीला फोन लावला. ती नारपोलीला दिलेली. तिच्या सासरच्यांची खाली शेड आहे आणि वर घर.

"आजी, गाणी कुठं गेलेली नाहीत गं. त्या प्रोग्रामला फक्त पत्ता माहीत नाहीय. 'शोधा' म्हण आणि नव्या फोल्डरमधली तीच फाइल दाखव. एकेक करत जा."

"आणि चुकून भलतीच दाखवली तर?"

"तर एका गाण्याच्या नावावर दुसरं वाजेल. तुला काय, आजोबा ते आजोबाच."

ती हसली. मग मध्येच थांबली. मागून पुरुषाचा आवाज आला, "कोणाशी चाललंय?"

"ठेवते, आजी."

ते 'ठेवते' मला ओळखीचं वाटलं. मी तसंच म्हणायचे, फक्त आमच्याकडे फोन नव्हता. संध्याकाळी नितीनला म्हटलं, "पोरीला तिथं त्रास हाय. जरा जाऊन बघ." तो म्हणाला, "आई, तुला प्रत्येक जावयात बाबाच दिसतात. तिच्या संसारात नको पडूस."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मी चष्मा लावून बसले. नितीन ड्युटीवर, सून बाजारात. आम्ही आता कामतघरच्या बाजूला सहाव्या मजल्यावर राहतो. इथे लूम नाही, खालच्या रिक्षांचा आवाजही वर येईपर्यंत दमतो. एकेका गाण्याला त्याचा पत्ता देत गेले. उद्गारचिन्ह गेलं की थोडं वाजवून बघायचं, मग पुढचं. हे गात होते आणि मी मनात म्हणत होते, गा, आता तुझा आवाज कमी-जास्त करायचं बटण माझ्या हातात आहे.

मग एक गाणं लावलं. पेटी वाजली, ह्यांनी पहिली ओळ घेतली, आणि पेटी मध्येच थांबली. मागे लूम चालू झाला.

मला आधी चीड आली. शुक्रवारच्या गाण्यात लूम कुठून? मग मारण्याचा आवाज आला. ज्यांनी मार खाल्लाय त्यांना सांगायला नको – भांडं पडतं तो आवाज वेगळा, डोकं भिंतीवर आपटतं तो वेगळा. एकदा आपटलं, परत आपटलं. काहीतरी काचेचं फुटलं. आणि एक मुलगी बोलली, श्वास तुटत तुटत... "मारू नको... सांगते मी, धोटा लागला सांगते..."

तो माझा आवाज होता. माझा, त्या वेळचा. वाटलं, चुकून टेप चालू राहिला असेल आणि मयूरीने ते ऐकलं असेल. याच विचाराने मेल्याहून मेले. बंद करायला माऊस शोधत होते, तेवढ्यात कान लूमकडे गेला.

आमचे जुने लूम खटाक-पटाक, खटाक-पटाक करत धोटा आपटायचे. हा आवाज तसा नव्हता. हा सर्रर्र-टक, सर्रर्र-टक, भरभर आणि एकसुरी. हा आवाज मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला होता. मयूरीचं स्थळ बघायला गेलो, तेव्हा व्याह्यांनी छाती फुगवून दाखवलेल्या नव्या रॅपिअर मशीनचा. ह्यांनी कॅसेटी भरल्या त्या काळात भिवंडीत रॅपिअरचं नावही कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग ती मुलगी म्हणाली, "आजी."

मला आजी नव्हती. माझ्या जन्माआधीच वारली होती.

मयूरीला फोन लावला, वाजत राहिला. नितीनला लावला. तो म्हणाला, "आई, स्पीकर खराब असेल, मी येऊन बघतो." एका पायात माझी चप्पल, दुसऱ्या पायात सुनेची, अशी मी खाली उतरले.

"नारपोली," रिक्षावाल्याला म्हटलं.

"अम्मा, रस्ता खराब है, धीरे जाऊंगा."

"हड्डी मेरी है, तू चल."

शेडमध्ये मशीनं चालू होती. सर्रर्र-टक, सर्रर्र-टक. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या मशीनवर एक कारागीर होता. मला बघून त्याने मान खाली घातली. "अम्मा, ऊपर मत जाइए. सेठ गुस्से में है."

"रोज होता है?"

तो तुटलेला धागा जोडत राहिला. त्याच्या पायाशी लोखंडी पाना पडला होता, हातभर लांब. मी उचलून पदराखाली घेतला. तो धागाच जोडत राहिला.

दार पान्यानेच वाजवलं. नातजावयाने उघडलं. प्रशांत. घामाघूम, शर्टाची दोन बटणं तुटलेली.

"आजी? अहो, फोन तरी करायचा. या, बसा."

मयूरी स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. भुवई फाटलेली, रक्त गळ्यापर्यंत आलेलं. ओढणी बाजूला पडलेली, ओली. आजूबाजूला काचा.

"काय झालं गं?"

तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "धोटा लागला, आजी."

"हो ना," तो म्हणाला. "किती वेळा सांगितलं, मशीनजवळ जात जाऊ नको."

"प्रशांतराव, तुमच्या मशीनला धोटा कधी बसवला?"

रॅपिअरला धोटा नसतो. एक पट्टी धावत येते आणि सूत ओढून नेते. लूममालकाच्या पोराला हे माहीत नसेल असं नाही. पण खोटं हातात आयतं आलं की माणूस बघून घेत नाही.

मग त्याचा चेहरा बदलला. तोही मला ओळखीचा. "आजी, आमच्या घरातलं आम्ही बघू," असं म्हणत त्याने मयूरीचे केस धरून तिला उठवायला हात घातला.

मी पाना त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज लूमच्या आवाजातही ऐकू येतो, हे तेव्हा कळलं. तो ओरडत माझ्या अंगावर आला, म्हणून दुसरा गुडघ्यावर. तो खाली पडला. तिसऱ्याची तशी गरज नव्हती. पण हात उचललाच होता, म्हटलं रिकामा कशाला उतरवा.

मयूरीला घेऊन जिना उतरले. कारागिरांनी मशीनं बंद केली होती. भर कामाच्या दिवशी शेडमध्ये शुक्रवारसारखी शांतता, आणि वरून त्याच्या विव्हळण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता.

मयूरीला टाके पडले. तक्रार दिली, केस चालू आहे. नितीन बरेच दिवस माझ्याशी नीट बोलू शकला नाही, नुसता माझ्या ताटात जास्तीचं वाढायचा. आणि प्रशांतने दवाखान्यात काय सांगितलं असेल? म्हातारीने मारलं हे कुठल्या तोंडाने सांगणार. म्हणाला, धोटा लागला.

बरी झाल्यावर मयूरीने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. नुसते आजोबा, नुसती पेटी. फाइल तीच, लांबी तेवढीच, मध्ये काही नाही. मी म्हटलं, "मी ऐकलंय गं. तू म्हणालीस, मारू नको, धोटा लागला सांगते. मग 'आजी' म्हणालीस."

तिने भुवईवरच्या खुणेवरून बोट फिरवलं.

"आजी, मी काहीच बोलले नाही. मनात हेच होतं सगळं, अगदी हेच शब्द. पण त्याने ओढणी तोंडात कोंबली होती. तू दार वाजवलंस तेव्हा काढली."

ह्यांनी हे पाठवलं असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. जिवंतपणी ज्यांनी शेजारी बसून कुणाचं रडणं ऐकलं नाही, ते मेल्यावर कुठलं ऐकतायत. कधी वाटतं, कोपऱ्यात कांड्या भरणारी ती बावळट पोरगीच शेवटी ओरडली असेल. पण असं वाटणं म्हणजे काही उत्तर नव्हे. नितीनने कॉम्प्युटरवाल्याला दाखवलं, त्यालाही काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर जरूर सांगा.

मयूरी म्हणते, डिलीट करून टाकू. मी करू दिलं नाही. रोज दुपारी ते गाणं एकदा लावते आणि शेवटपर्यंत ऐकते. अजून तरी त्यात ह्यांचाच आवाज असतो.

पाना माऊसच्या शेजारी ठेवलाय.