साडूभाऊंचं झाकलेलं पिस्तूल

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात जिवापाड जपलेलं आणि तरीही शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेलं एकच गुपित होतं, ते म्हणजे आमच्या थोरल्या साडूंच्या कमरेचं पिस्तूल. साडू साखरा गावचे. जमीन बरी, वर हळदीचा व्यापार. माणूस इतका मवाळ की अंगणात शिरलेल्या परक्या बकरीलाही "जा गं माय आता" म्हणून हात जोडायचे. अशा माणसाला पिस्तूल घ्यावंसं वाटलं, त्याला कारण होतं. एकदा वसमतला हळद विकून नवरा-बायको परत येताना दिवेलागणीला काही जणांनी गाडी अडवली. पैशाची पिशवी गेली, त्याचं साडूंना फारसं वाटलं नाही. पण एकानं आक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, गळ्यातल्या पोतीला हात घातला आणि आक्का नुसत्या नवऱ्याकडं बघत राहिल्या. "ते बघणं लई वाईट होतं, पाव्हणं," एवढंच ते पुढं कधीतरी म्हणाले.

लायसन मिळाल्यावर ते नांदेडला दुकानात गेले. दुकानदारानं खिशात मावेल असं लहानसं पिस्तूल दाखवलं, तर म्हणाले, "ह्यानं सुपारी फुटल. मोठं काढा. आपल्याला कुठं चालवायचं हाय? समोरच्याला दिसलं म्हंजे झालं." आणि दुकानातलं सगळ्यात थोराड पिस्तूल घेऊन ते ठाण्यात नोंद करायला गेले. तिथल्या साहेबांनी बजावलं, "हे लोकांना दाखवत फिरायचं नाही. झाकून ठेवायचं." केवळ दिसावं म्हणून घेतलेली ती अवजड वस्तू कोणाला दिसू न देण्यात साडूंची पुढची कित्येक वर्षं गेली.

सुरुवातीला त्यांनी ते पायजम्यात खोवलं. एका लग्नात अक्षता टाकायला हात वर केला आणि नाडीनं दगा दिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत साडू दोन्ही हातांनी पोट धरून उभे, आणि वधूचे वडील त्यांना सोडा आणायला धावलेले. मग पिस्तुलाच्या मुठीवरच्या जाड पट्ट्या टोचतात म्हणून दुकानदाराकडून पातळ सागवानी पट्ट्या बसवून घेतल्या. हिंगोलीच्या रहीमचाचांकडून चामड्याचं म्यान शिवून घेतलं. ते पोटात रुतायला लागलं तेव्हा त्याला आतून नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, अस्तर लावलं, मग घाम येतो म्हणून अस्तराला भोकं पाडली. शिंप्याकडून बंडीला आतून चोरखिसा करून घेतला, तर बंडी डावीकडं ओढायला लागली. तेव्हा तोल सांभाळायला उजव्या खिशात तराजूतलं एक वजन टाकलं. ह्या सगळ्या संसारावर दोन मापं मोठा सदरा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, खळ्यावरचं बुजगावणंच चालत येऊन राहिलं.

एवढं करून लपलं काय? एसटीचा कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणायचा, "काका, तुमचं सामान खिडकीकडं घेऊन बसा." सोयऱ्यांना भेटताना साडू फक्त उजवं अंग पुढं करायचे. ईदला रहीमचाचांच्या घरी तर पंचाईतच. गळाभेट तीनदा, खांदे बदलून. साडू पहिल्या भेटीनंतरच मागं सरले, तर चाचा हसून म्हणाले, "पाटील, मैंनेच तो सिया है. मेरेसे क्या छुपारे?" आक्का मात्र कधी हसायच्या नाहीत. त्या फक्त रोज संध्याकाळी त्यांच्या कमरेवरच्या वळाला तेल चोळायच्या.

पुढं पैसे फोनवर यायला लागले. पिशवी राहिली नाही, तरी पिस्तूल राहिलं. आणि मग एका दुपारी आक्कांच्या छातीत दुखायला लागलं. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही त्यांना नेलं. दाराशी पहारेकऱ्यानं साडूंना अडवलं. हत्यार घेऊन आत जाता येणार नव्हतं. मी म्हणालो, "द्या माझ्याकडं, मी बसतो बाहेर." त्यांनी मान हलवली. "लायसन माझ्या नावाचं हाय. तुमच्याकडं देता येत न्हाई." आणि तो भला माणूस, बायको आत असताना, दोन्ही हात कमरेवर ठेवून पायरीवर बसून राहिला. मी आत जाऊन आक्कांना सांगितलं. त्या हळूच म्हणाल्या, "त्यांला म्हणावं, चोर बाहेर न्हाई. हितं आत हाय, माझ्या छातीत. ते टाकून या म्हणावं."

निरोप ऐकताच साडू उठले, जिथून पिस्तूल घेतलं होतं त्याच दुकानात रिक्षानं गेले, पिस्तूल रीतसर जमा केलं, म्यान आणि वजनसुद्धा तिथंच ठेवलं आणि परत आले. तो प्रचंड सदरा अंगावर नुसता लोंबत होता. आक्कांनी डोळे उघडले. "काहून वं, किती वाळले तुमी!" त्या म्हणाल्या. साडू खाली वाकले आणि कुठलंही अंग न चोरता त्यांना जवळ घेतलं. मी बाहेर आलो.

आक्का त्यातून उठल्या. पिस्तूल साडूंनी परत आणलं नाही. लायसनही सोडून दिलं. त्यानंतरचा काळ फार सुखाचा गेला. दोघं स्कूटरवरून नरसीला दर्शनाला जायचे, आक्का मागं बसून त्यांच्या कमरेला हात टाकायच्या. "आता कुठं धरायला जागा झाली," असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. थंडीतल्या एका दुपारी उन्हात गोधडीवर पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत.

साडू आता साखऱ्याला एकटेच असतात, स्वतः रांधून खातात. दर आठ-पंधरा दिवसांनी फोन येतो. मी उचलला तर म्हणतात, "तुमच्याशी काम न्हाई पाव्हणं, धाकलीला द्या." आणि माझ्या बायकोला विचारतात, वरणाला फोडणी कशी द्यायची. दर वेळी तेच. माझ्या बायकोचा आवाज हुबेहूब आक्कांसारखा आहे. ती खाली बसते, फोनचा आवाज मोठा करते आणि तेल तापण्यापासून सगळं पहिल्यापासून, अगदी सावकाश सांगायला लागते. तिकडून मधून मधून फक्त "व्हय... व्हय" येत राहतं.